सम कुठं आहे, ते कागदावर दिसलं पाहिजे

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

तू पाठवलेलं पोरांच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं: देस रागातली बंदिश, सोळा मात्रांचा तीनताल. पोरं सुरात आहेत, गज स्वच्छ चालतोय, आणि देसचा कोमल निषाद तर फारच गोड लागलाय. पण पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर सगळे मिळून एकसारखं वजन देतात. ऐकणाऱ्याला एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, चार वेळा सम, म्हणजे फेरीची पहिली वजनदार मात्रा, आल्यासारखी वाटते. पोरांना बोलू नकोस. त्यांच्यापुढं कागद 4/4 चा, म्हणजे उभ्या रेघांनी चार-चार मात्रांचे बार पाडलेला आहे, आणि पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनवर वाढलेला व्हायोलिनवाला बारची पहिली मात्रा ठसक्यात वाजवणारच, त्याला शिकवलंच तसं जातं. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळीविना सोडलेली जागा आहे, तिथं तबल्याचा डग्गा गप्प होतो, तिथलं वजन काढून घ्यायचं असतं, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नाही.

फोनवर तू म्हणालास, ‘सोळा मात्रांचा बार कोण वाचणार, चार-चारचेच राहू देत.’ हे मला अजिबात पटलेलं नाही. भातखंडे पद्धतीनं स्वर लिहिलेल्या साध्या वहीतसुद्धा समेच्या मात्रेखाली × आणि खालीच्या मात्रेखाली ० असतं, कारण त्या खुणांशिवाय बंदिश वाचताच येत नाही. आपल्या गावात हे वेगळं सांगावं लागू नये. शाहू महाराजांच्या दरबारी गवई अल्लादिया खाँसाहेब होते. त्यांच्या गायकीत आलापसुद्धा लयीला धरून चालतो आणि आवर्तन भरत-भरत समेवर येतो. 1883 पासूनच्या आपल्या देवल क्लबात, त्या गाण्याच्या संस्थेत, मागं बसून आपण काय ऐकत होतो, आठव. खालीपासून उचललेला मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, समेवर आला की सगळ्या माना एकदम हलायच्या. तुझ्या पोरांच्या कागदात ती जागा सापडली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. म्यूजस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते करता येतं, आणि ते फुकट आहे, त्यामुळं सबब नाही.

तीनतालासाठी 16/4 चं टाइम सिग्नेचर, म्हणजे एका बारात मात्रा किती ते सांगणारा आकडा, कर. ही बंदिश नवव्या मात्रेपासून उठते, म्हणजे पहिल्या बारमध्ये आठच मात्रा हव्यात. त्या बारवर राइट क्लिक करून मेजर प्रॉपर्टीज उघड (मेजर म्हणजे बारच). तिथं दोन आकडे दिसतील: नॉमिनल आणि अ‍ॅक्च्युअल. नॉमिनल म्हणजे टाइम सिग्नेचर काय सांगतंय ते. ते 16/4 च राहणार. अ‍ॅक्च्युअल म्हणजे त्या बारमध्ये खरोखर किती मात्रा आहेत. तिथं 8/4 कर. हे स्वर भरायच्या आधी कर, कारण भरलेला बार आखूड केला की शेवटचे स्वर जातात. त्याच खिडकीत ‘एक्सक्लूड फ्रॉम मेजर काउंट’वर टिक कर. मग मुखड्याचा बार मोजणीत धरला जात नाही आणि क्रमांक 1 बरोबर पहिल्या समेपासून सुरू होतो. तालमीत ‘तिसऱ्यापासून घ्या’ म्हणालास की पोरं तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर येतील.

आता स्थायीचा, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाचा, शेवट. इथं फार जणांचं गणित चुकतं. स्थायी परत म्हणताना आपण मुखड्यापासून उचलतो, म्हणजे आठ मात्रा तिथं आधीच आहेत. शेवटचा बार सोळाचाच ठेवून त्यापुढं रिपीटचं चिन्ह टाकलं तर समेपासून समेपर्यंत चोवीस मात्रा होतात, आणि तबलजी तुझ्याकडं बघत राहतो. म्हणून शेवटचा बारही अ‍ॅक्च्युअल 8/4 चा कर. शेवटच्या आठ आणि मुखड्याच्या आठ मिळून आवर्तन पुरं होतं. प्लेबॅक लावून मात्रा बोटांवर मोज, लगेच कळेल.

तुझी वाचायची अडचण मात्र खरी आहे. सोळा मात्रांचा बार, त्यात दुगुणीचे, म्हणजे मात्रेत दोन-दोन स्वर, म्हणजे ए-फोरच्या ओळीत दाटी होते. त्याहून मोठी अडचण देसचीच आहे: चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. स्टाफ नोटेशनमध्ये एकदा दिलेलं कोमल-शुद्धाचं चिन्ह त्या सप्तकातल्या त्या स्वराला बारची रेघ येईपर्यंत लागू असतं. तिसऱ्या मात्रेला निषाद कोमल केलास तर चौदाव्या मात्रेचाही कोमलच, मध्ये शुद्धाचं चिन्ह दिलं नाहीस तर. एवढं मागं कोण बघतंय? म्हणून प्रत्येक मोठा बार खालीच्या मात्रेशी तोड. नवव्या मात्रेचा स्वर निवडायचा आणि टूल्समधल्या मेजर्समध्ये जाऊन त्या स्वराआधी स्प्लिट करायचं. मधली रेघ तुटक कर, आणि मागच्या अर्धुकात कोमल-शुद्धाची चिन्हं पुन्हा स्पष्ट दे. या मागच्या अर्धुकांनाही मोजणीतून वगळायचं, म्हणजे आकडा आवर्तनाचाच राहतो. भरीव रेघ म्हणजे सम, तुटक रेघ म्हणजे खाली. पोरांना हे एकदा सांगितलं की पुरे. तरी दाटी वाटली तर लेआउट स्ट्रेच, म्हणजे बारची रुंदी, थोडा वाढव.

दहा मात्रांच्या झपतालाची चीज घेणार असशील तर टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीजमध्ये वरच्या आकड्याच्या जागी 2+3+2+3 असं लिहिता येतं, आणि बीमचे, म्हणजे स्वर जोडणाऱ्या आडव्या रेघांचे गटही तसे बांधता येतात. रूपक ताल सध्या नको. तिथं समेवरच खाली, आणि पहिल्या मात्रेवर जोर न देणं या पोरांना आत्ताच जमणार नाही.

मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वर हळू झुलवणं) कुठल्याच सॉफ्टवेअरवर सोपवू नकोस. ते तू गाऊन दाखव, पोरं कानानं घेतील.

एक आग्रह आहे. तालमीला तबला पहिल्या दिवसापासून बसव, आयत्या वेळी नको. मेट्रोनोमला सम आणि खाली यांतला फरक कळत नाही. डग्गा कुठं थांबला हे कानावर पडत राहिलं की तुटक रेघेचा अर्थ पोरांना आपोआप लागेल.

स्थायी या पद्धतीनं बसवलेली फाईल मेलनं पाठवतोय. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, तू लिही. तो समेपासून घ्यायचा की खालीपासून, हे मी मुद्दाम तुझ्यावर सोडलंय. ठरलं की कळव, मग सेकंड व्हायोलिन आणि चेलोचे पार्ट मी काढून देतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच मित्र