खरी कमाई आईची, पुरस्कार मुलीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या ताईचा मुलगा न्यू जर्सीत असतो, तो मागच्या महिन्यात ईगल स्काउट झाला. फॅमिली ग्रुपवर फोटो आले तसं एका काकांनी लगेच लिहिलं की त्यात काय एवढं, आपल्याकडे पण राष्ट्रपती स्काउट असतो. असतो ना, नाही कोण म्हणतंय, पण त्यावरूनच हे पत्र लिहायला बसले.

ईगल म्हणजे तिकडच्या स्काउटिंगमधला सगळ्यात वरचा रँक, पहिला १९१२ साली दिला, चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग पण ईगल स्काउट होता. २१ मेरिट बॅज, म्हणजे एकेक विषय शिकून मिळवायचे बिल्ले, लागतात, आणि सगळं १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत. एका बॅजसाठी १३ आठवडे स्वतःच्या पैशाचा हिशोब ठेवायचा, एकासाठी ९० दिवस घरातली किमान पाच कामं करायची. (ताई म्हणते ते तीन महिने सिंक रिकामं असायचं, नंतर ये रे माझ्या मागल्या.) आणि शेवटी एक प्रोजेक्ट, जो एकट्याने राबून चालत नाही, दुसऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्याकडून करून घ्यावा लागतो. भाच्याने एका वृद्धाश्रमात लाकडाचे उंच वाफे करून दिले, व्हीलचेअरवर बसून पण माती हाताशी येईल असे. आधी प्लॅन लिहून मंजूर करून घेतला, पैसे जमवले, मग मित्रांना कामाला लावलं. मशीनची करवत १८ च्या खालच्या मुलांनी चालवायची नाही असा नियम, म्हणून ते काम भावजींनी केलं, पण मुलगा खूण करून देईल तिथेच कापायचं. माझे भावजी कोणाचं ऐकून घेतायत हेच मला नवल वाटलं!

आता आपलं. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि त्यावर राष्ट्रपती पुरस्कार, ही शिडी काही कमी उंच नाही. मी स्वतः गाईड, म्हणजे मुलींमधली स्काउट, होते, राज्य पुरस्कारापर्यंत गेले. लाठ्या दोरीने घट्ट आवळून (त्याला लॅशिंग म्हणायचं) चपलांचं स्टँड करायचं, सावलीवरून झाडाची उंची काढायची, बिनभांड्याचा स्वयंपाक, रात्री सप्तर्षीवरून ध्रुवतारा शोधायचा. क्लोव्ह हिच आजही डोळे मिटून बांधते, गच्चीवरची कपड्यांची दोरी त्याच गाठीवर आहे. खरी कमाईला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमाला, आम्ही चौघींनी शाळेच्या मैदानात भेळ विकली, कांदा आम्हीच चिरला, चिंचेचं पाणी जास्त झालं म्हणून शिव्या पण आम्हीच खाल्ल्या, आणि खर्च जाऊन ४३ रुपये उरले. तो आकडा मी अजून विसरले नाही.

आणि आता माझी मुलगी नववीत, गाईडमध्ये आहे. गेल्या वर्षी तिच्या खरी कमाईचे वडे पहाटे पाचला उठून मी तळले. इतर मुलींचं पण तेच, कोणाची आई ढोकळा, कोणाची आजी चकल्या, आणि स्टॉलवर येऊन विकत घेणारे पण आम्हीच पालक. म्हणजे कमाई नक्की कोणाची? लॉगबुकची, म्हणजे काय काय केलं त्या नोंदवहीची, तर कमालच, झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतं, नाव लिहा फोटो चिकटवा झालं. न केलेल्या हाईकचं वर्णन सगळ्यांच्या वहीत एकच, अगदी वाटेत दिसलेला मोरसुद्धा तोच. मी शाळेत विचारलं तर उत्तर आलं, मॅडम दहावीला सवलतीचे मार्क मिळतात, रेल्वे भरतीत स्काउट गाईडचा कोटा आहे, कशाला खोलात जाता.

मार्क मिळू देत, कोटा पण असू दे, गरजू मुलांना त्याचा उपयोग होतो त्याला माझा विरोध नाही. शिक्षकांना पण दोष देववत नाही, त्याच बाई गणित शिकवणार, त्याच निवडणुकीची कामं करणार, आणि शनिवारी शिट्टी घेऊन ग्राउंडवर पण त्याच. पण मग चाचणी शिबिरात निदान एवढं तरी करा, लॉगबुक बाजूला ठेवा आणि मुलीला विचारा तू काय केलंस, कोणाला सोबत घेतलंस, पैसे किती आणि कसे आले, काय फसलं. खोटा मोर दोन मिनिटांत उडून जाईल. तुम्ही वर्तमानपत्रवाले पण पुरस्कार मिळाला की फोटो छापता, त्यात मुलं कमी आणि अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक जास्त असतात, खाली मुलीने केलं काय ते एका ओळीत छापा की.

या वर्षी मी वडे तळणार नाही असं लेकीला सांगून टाकलंय. दोन दिवस फुगून बसली होती, आता मैत्रिणीबरोबर सोसायटीतल्या सायकली धुवून ऑइलिंग करून द्यायचं ठरतंय, एका सायकलचे २० रुपये. पहिली सायकल माझीच आणून ठेवली होती, ती मी परत पाठवली, म्हटलं आधी दुसरं गिऱ्हाईक बघ.

आपली,
एक जुनी गाईड, सातारा