आर्याचा डोस कमी झाला, त्याबद्दल

प्रिय वैशू,

पत्र मिळालं. आर्याचा इन्सुलिनचा डोस दिवसाला 20 युनिटांवरून 9 वर आला, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या सासूबाई याचं श्रेय काढ्याला देतायत, तर देऊ देत. वाद घालू नकोस, फक्त इन्सुलिन एकही दिवस चुकवू नकोस. काढा मात्र डॉक्टरांच्या कानावर घाल.

झालंय ते असं. टाइप 1 डायबेटिसचं निदान झालं तेव्हा तिच्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, सगळ्या संपलेल्या नव्हत्या. ज्या उरल्या होत्या त्याही चढलेल्या साखरेने गळाठून गेल्या होत्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं, साखर खाली आली आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. कुणाचा काही आठवडे चालतो, कुणाचा वर्षभर, क्वचित त्याहून जास्त. लहान मुलांत आणि निदानाच्या वेळी इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून किटोअ‍ॅसिडोसिस झालेल्यांत तो बहुधा लवकर आटोपतो. आर्या सहाची आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सी-पेप्टाइडचं विचारलंस. ती तपासणी आमच्या लॅबमध्ये रोज होते. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा आधी एक लांब साखळी तयार होते. ती तुटली की एका रेणूमागे एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड सुटं होतं. पेनमधल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे रक्तात जे सापडेल ते तिचं स्वतःचंच. पण त्याच वेळची साखर माहीत नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. साखर कमी असताना निरोगी माणसाचंही सी-पेप्टाइड खाली जातं.

हे उरलंसुरलं इन्सुलिन कामाचं असतं. 1993 साली निकाल लागलेल्या अमेरिकेतल्या डीसीसीटी या डायबेटिसवरच्या अभ्यासात ज्यांचं थोडं शिल्लक होतं, त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत कमी पडण्याचे प्रसंग कमी आले. तुला आता रात्री जरा झोप लागतेय, त्यातही त्याचा वाटा असणार.

मात्र तू लिहिलंस, "वाढदिवसाला केक दिला, त्याने तर हे संपणार नाही ना?" नाही गं! 2023 मध्ये एका अमेरिकन चाचणीचे निकाल आले. नुकतंच निदान झालेल्या मुलांची साखर ऑटोमॅटिक इन्सुलिन पंपाने उत्तम सांभाळली, तरी वर्षअखेर सी-पेप्टाइड इतर मुलांइतकंच उतरलेलं होतं. साखर सांभाळायची ती डोळे, किडनी यांच्यासाठी. पेशींवर हल्ला करते ती तिची स्वतःची प्रतिकारशक्ती, तुझा केक नव्हे. टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाने ही घसरण 8 वर्षांवरच्या मुलांत मंदावल्याचं दिसलंय. पण आर्या त्या वयाची नाही, आणि आजार कायमचा जातो असं त्यातही नाही.

डोस पुन्हा वाढायला लागेल तेव्हा मला रडत फोन करशील, ओळखते मी तुला. कर. सध्या अर्ध्या युनिटचं पेन मिळतं का ते डॉक्टरांना विचार. एवढ्या कमी डोसला एकेक युनिटची उडी मोठी पडते. साखर लो व्हायला लागली तर डोस त्यांना विचारूनच कमी कर, आपला आपण बंद करू नकोस. आणि शाळेच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी आहे ना?

तुझी,
मंजू