बाई, त्या खुर्चीबद्दल

प्रिय बाई,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच इतकं मोकळेपणाने लिहिते आहे. वर्गात सगळे तुम्हाला नावाने हाक मारायचे. सत्तरी ओलांडलेल्या शिक्षिकेला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ शेवटपर्यंत रेटली नाही. इथे तरी बाई म्हणू द्या.

न्यूयॉर्कला कॅबरे गायला शिकायला जाते आहे, ही बातमी न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या मंडळींत फुटली तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, "या वयात?" एकीने तर पिसं कुठून आणणार, असंही विचारलं. एवढीशी खोली, एक पियानो, एक माईक, आणि पुढ्यात ग्लास घेऊन बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून गायचं, यात पिसांचं काही काम नसतं, हे समजावून सांगायचा नाद मी सोडून दिला. जाऊ दे, त्यांनी निदान पैसे तरी घेतले नव्हते.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी घेतले होते, आणि चांगले सणसणीत घेतले होते. तिथे माझं गाणं कधी पुरं झालंच नाही. दोन ओळी झाल्या की उच्चारांवर गाडी अडायची. मग हात. "हातांचं काहीतरी करा," म्हणायचे. केलं की, "हे फार होतंय." शेवटी एका गृहस्थांनी सुचवलं की मी सरळ काहीतरी 'इंडियन' का करत नाही, आणि सांगताना स्वतःच मान अशी काही हलवून दाखवली की सगळा वर्ग हसला. देव त्यांचं भलं करो, फी परत देण्याची बुद्धी मात्र त्याने अजून त्यांना दिलेली नाही.

त्यामुळे तुमच्याकडे आले ती अंग चोरूनच. छापील नोटेशन मला वाचता येत नाही हे मी आधीच सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "मग गाऊन दाखव." माझी गायची पट्टी काळी चार, म्हणजे तुमचा ए फ्लॅट, हे तुम्ही पेन्सिलीने कागदाच्या डोक्यावर लिहिलंत, पेन्सिल परत कानामागे खोचलीत, आणि विषय संपला.

पण आभार मानायचे आहेत ते त्या खुर्चीसाठी. मी माईकसमोर उभी होते आणि गुडघे लटपटत होते. हातांचं पुन्हा तेच, कुठे ठेवायचे कळेना. तुम्ही सुरुवातीचे सूर वाजवलेत आणि मध्येच थांबलात. मला वाटलं, आता उच्चार निघणार. तुम्ही उठलात, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची उघडलीत, पियानोच्या वळणापाशी आणून ठेवलीत. ती डुगडुगत होती. एका पायाचं रबर गेलं होतं. तुम्ही पर्समधून कुठलंसं जुनं बिल काढलंत, चार घड्या घातल्यात, वाकून पायाखाली सरकवलंत, खुर्ची हलवून पाहिलीत. तुमचे गुडघे कसे आहेत ते मला दिसत होतं, बाई. मग एवढंच म्हणालात, "मेबलही बसूनच गायची." आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागलात. वर्गाला काही स्पष्टीकरण नाही, माझ्या संस्कृतीचं कौतुक नाही.

मी बसले. अहो, मी सांगलीत सतरंजीवर बसूनच गाणं शिकले! हात आपसूक मांडीवर आले, श्वास जागेवर आला, आणि तुम्ही आधी नुसतं बोलून दाखवायला लावलेले ते शब्द पहिल्यांदा मला कळून माझ्या तोंडून निघाले.

घरी येऊन मेबल मर्सर कोण ते शोधलं. जन्म १९०० चा, इंग्लंडमधला. पॅरिस गाजवून ही बाई न्यूयॉर्कला आली आणि खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर ठेवून गात राहिली. शब्द कसा टाकावा हे आपण तिच्याकडून शिकलो, असं खुद्द फ्रँक सिनात्रासारखे नामवंत गायक सांगत. उतारवयात आवाज गेला तेव्हा ती गाणं जवळजवळ बोलायचीच, तरी लोक ऐकायला यायचे. मला आमच्या यमुनाबाई वाईकर आठवल्या. बैठकीची लावणी, एकच ओळ घोळवत दरवेळी तिचा नवा अर्थ समोरच्याच्या पदरात टाकायचा, तोही जागचं न हलता. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर. आमच्याकडेही खुर्च्या उशिराच पुढे सरकतात.

मधल्या सुट्टीत तुम्ही त्या पोलिसी कार्डाची गोष्ट सांगितलीत ती डोक्यातून जात नाही. १९६७ पर्यंत या शहरात, जिथे दारू मिळते अशा जागी गायचं तर पोलिसांचं कार्ड लागायचं. जाझ गायिका बिली हॉलिडेला १९४७ मध्ये तुरुंगवास झाला आणि तिचं कार्ड गेलं. पुढच्याच वर्षी तिने कार्नेगी हॉलसारखं मोठं सभागृह भरून दाखवलं, पण साध्या क्लबात गायची तिला बंदी. आता कार्ड नाही, पण कोणी गायचं आणि कोणी नाही हे भुवया उंचावून ठरवणारे आहेतच. त्यांच्यात मोठे नावाजलेले आहेत, आणि तुमचं नाव कुठल्या पोस्टरवर पाहिलेलं मला आठवत नाही. समोरचा का लटपटतो आहे हे पाहायचं आणि त्याचा गाजावाजा न करता खुर्ची आणून द्यायची, एवढा साधा चांगुलपणा इतका दुर्मिळ का असावा, कोण जाणे. माझ्या आईकडे तो होता. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आता कामाचं. फीशिवाय वरचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा एका रविवारी जेवायला या. पेन स्टेशनवरून गाडी थेट एडिसनला येते, मुलगा घ्यायला येईल. तिखट बेताचं करेन. आमच्याकडे पियानो नाही, पेटी आहे, आणि तिची काळी चार जरा चढी बोलते. तुम्हाला खटकेल, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
मागच्या रांगेतली विद्यार्थिनी