जॉर्जियात लाट कुठली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सिनेट निकालावरचा आपला कालचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. राफाएल वॉर्नॉक ‘डेमोक्रॅटिक लाटेवर’ निवडून आले, असं आपण लिहिता. मी तेवीस वर्षं अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. लाट कुठे होती, ते कृपा करून दाखवा. ८ नोव्हेंबर २०२२ ला याच मतदारांनी याच यंत्रांवर रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प यांना ५३ टक्क्यांहून जास्त मतं देऊन परत निवडून दिलं. त्यांच्यासमोरच्या डेमोक्रॅट स्टेसी एब्रम्स साडेसात टक्क्यांनी पडल्या. त्याच दिवशी सिनेटसाठी केम्प यांच्याच पक्षाच्या हर्शेल वॉकर यांना मिळाली ४८.५ टक्के. म्हणजे केम्प यांच्यापेक्षा दोन लाखांहून जास्त मतं कमी. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्याने ६ डिसेंबरला दुसरी फेरी झाली, तीत वॉकर वॉर्नॉक यांच्याकडून एक लाखाच्या आतल्या फरकाने हरले. आकडे समोर असताना लाटेच्या गोष्टी कशासाठी?

त्या दोन लाखांत मी आहे, म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहितोय.

२००९ साली मी इथलं नागरिकत्व घेतलं. तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही आणि मतपत्रिकेवर एकही लढत कधी कोरी सोडली नव्हती. कर, शाळा, धंदा या बाबतींत मला रिपब्लिकन पक्षाचं पटत आलं आहे. मे महिन्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत मी त्यांचीच मतपत्रिका मागून घेतली आणि गॅरी ब्लॅक यांना मत दिलं. शेतकरी माणूस, राज्याचे कृषी आयुक्त म्हणून तीनदा निवडून आलेले. प्रायमरीच्या वादसभांना ते येत होते, प्रश्नांना उत्तरं देत होते. वॉकर एकाही वादसभेला आले नाहीत. त्याच सुमारास प्रचाराला दारावर आलेल्या एका मुलाला मी विचारलं, तुमचा उमेदवार लोकांसमोर का येत नाही? तो म्हणाला, “काका, त्याची गरजच नाही. हर्शेलला कोण ओळखत नाही?” मुलगा आपल्याच लोकांपैकी होता, म्हणून काका म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्या तोंडून पक्षच बोलत होता.

ओळखतात हे खरंच आहे. वॉकर यांचं कॉलेज फुटबॉलमधलं १९८० चं राष्ट्रीय विजेतेपद आणि १९८२ ची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) इथले लोक अजून कालची गोष्ट असल्यासारखी सांगतात. माझ्या ऑफिसातल्या दोघांच्या टेबलावर त्यांचा फोटो आहे. खेळाडू म्हणून मलाही त्यांच्याबद्दल आदर आहे. पण हा माणूस कित्येक वर्षं टेक्सासात राहत होता, जॉर्जियाच्या मतदार यादीत नाव आलं ऑगस्ट २०२१ मध्ये आणि लगेच सिनेटची उमेदवारी! ट्रम्प यांनी पाठिंबा दिला, दोन महिन्यांत सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेलही मागे उभे राहिले. हेच मॅकॉनेल पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये सांगू लागले की सिनेटच्या लढती उमेदवाराच्या दर्जावर ठरतात. हे पाठिंबा देताना सुचलं नाही?

नोव्हेंबरात एका सभेत वॉकर यांनी व्हॅम्पायर मोठा की वेअरवुल्फ मोठा यावर भाषण केलं. माझी मुलगी अठरा वर्षांची, मतदानाची तिची पहिलीच वेळ. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “बाबा, हे तुमचे उमेदवार?” मला मान वर करता आली नाही. महागाईने लोक हैराण होते, बोलायला विषयांची वाण नव्हती.

ऑक्टोबरात, मुख्य दिवसाआधीच्या मुदतीत, मी मतदान केलं ते आमच्या ग्रंथालयातल्या केंद्रावर. पडद्यावर पहिलीच लढत सिनेटची. बोट उचललं, परत खाली घेतलं. मागे रांग होती. शेवटी ती लढत कोरी सोडली आणि पुढच्या पानावर केम्प यांना मत दिलं. यंत्रातून छापील कागद आला. त्यावर केम्प यांचं नाव होतं, पण सिनेटच्या खाली लढत कोरी असल्याची नोंद. स्कॅनरमध्ये सरकवण्याआधी तो कागद हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. माझं सोडा, राज्याचे तेव्हाचे रिपब्लिकन उपगव्हर्नर जेफ डंकन दुसऱ्या फेरीसाठी तासभर रांगेत उभे राहिले आणि दोघांपैकी कोणालाच मत न देता परत आले. त्यांनी तसं जाहीर सांगितलं.

आपल्या लेखातली आणखी एक चूक. सिनेट म्हणजे तिथली राज्यसभा, असं लिहून आपण पुढे गेलात. राज्यसभेला आमदार मत देतात. इथे १९१३ पासून सिनेटर थेट लोक निवडतात. भारतात पक्षाने कोणालाही उभं केलं तरी आमदारांच्या बळावर तो निवडून येऊ शकतो. इथे त्याला अख्ख्या राज्यासमोर यावं लागतं. कृपया दुरुस्ती छापावी.

आणि दुसऱ्या फेरीतले हाल आपण एका ओळीतही सांगितले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये रिपब्लिकनांच्या सिनेटच्या दोन्ही जागा दुसऱ्या फेरीत गेल्यावर त्याच वर्षी कायदा बदलून दोन फेऱ्यांमधली नऊ आठवड्यांची मुदत चारवर आणली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी मतदान ठेवायचं की नाही, हे कोर्टात जाऊन ठरवावं लागलं. कोर्टाने परवानगी दिली तरी आमच्या काउंटीने केंद्र उघडलं नाही. माझी बायको नर्स आहे. तिला शनिवारच सोयीचा होता. शेवटी शुक्रवारी ड्युटी संपवून ती पावणेदोन तास रांगेत उभी राहिली, तीही फक्त एका मतासाठी, कारण या फेरीत मतपत्रिकेवर दुसरी लढतच नव्हती.

या वेळी मला कोरं सोडून परत यायचं नव्हतं. ६ डिसेंबरला सकाळी साडेसातला मी वॉर्नॉक यांना मत दिलं. त्यांचे निम्मे मुद्दे मला पटत नाहीत, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. डेमोक्रॅट उमेदवाराला माझं हे पहिलंच मत. त्याला आपण लाट म्हणालात, म्हणून हे पत्र.

आपला,
एक जुना वाचक
अटलांटा, जॉर्जिया