बाबांना प्रश्न विचारू नयेत, यासाठी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा सोलापूरहून निघताना स्टँडवर आई म्हणाली, "यांना रोज दहा प्रश्न विचारते, म्हणजे डोकं चालतं राहील." ते ऐकून मला गाडीत झोप लागली नाही, कारण भाऊबीजेला मीही तेच केले होते. बाबा, सगळ्यांसमोर मी तुम्हाला "आज वार कोणता, सांगा बघू" असे विचारले, तुम्ही दोनदा चुकलात आणि अर्ध्या ताटावरून उठून गेलात. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

आधीच्या डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून आपल्याला परत पाठवले होते, याचा मला अजून राग आहे. आता निदान झाले आहे ते माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटचे, म्हणजे स्मरणशक्ती मंदावली आहे, पण रोजचे व्यवहार बाबा स्वतः करू शकतात. या अवस्थेतले सर्वच जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जात नाहीत. काहींची स्थिती वर्षानुवर्षे तशीच राहते, तर काहींची सुधारतेही.

ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, ज्यांची स्मृती फार दुबळी झाली आहे त्यांना अंदाज करायला लावण्यापेक्षा चूक होण्याआधीच बरोबर उत्तर दिले, तर ते अधिक चांगले शिकतात. आपण चुकलो, तर 'हे चुकले होते' एवढे तरी आपल्या लक्षात राहते. स्मृती दुबळी असलेल्या माणसाच्या मनात मात्र चुकीचे उत्तर रुजते आणि ते कोणी दुरुस्त केले होते, हेच नेमके पुसले जाते, म्हणून पुढच्या वेळी तेच चुकीचे उत्तर पुन्हा ओठांवर येते. म्हणून आई, "चष्मा कुठे ठेवला, आठवतंय का?" असे न विचारता "चष्मा देवघराशेजारच्या निळ्या डब्यात आहे" असे सांग, त्यांच्याच हाताने तो काढायला लाव, आणि थोड्या वेळाने पुन्हा तसेच कर, जमत गेले की मधले अंतर हळूहळू वाढव, आणि अडले तर लगेच कमी कर.

तुझा गजरा ओवताना दोरा तुटला होता, ते आठवते का? बाबांनी बोलता बोलता दोन्ही टोके उचलली, अंगठा ओला केला आणि न बघता गाठ मारली, इतकी बारीक की बोटाला लागेना, आणि लगेच मला तिसऱ्यांदा विचारले, "कधी आलीस?" मागावर तीस वर्षे तुटलेले धागे जोडणाऱ्या हातांची स्मृती वेगळी असते आणि ती सहसा उशिरापर्यंत शाबूत राहते. तिचाच आधार घेऊ या. गोळ्यांची वारांची डबी चहाच्या डब्याशेजारी ठेव. आधी पाणी, मग डबी, मग चहा, हाच क्रम रोज बाबांनी स्वतःच्या हाताने करावा.

बाबा, कानाचे यंत्र टेबलाच्या खणात आहे, हे मला ठाऊक आहे. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ कारणांपैकी एक असल्याचे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये नोंदवले आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या अभ्यासात यंत्राचा फायदा सरसकट दिसला नाही, हेही खरे. मात्र ज्यांना मुळातच धोका अधिक होता, त्यांच्या गटात यंत्र लावणाऱ्यांचा तीन वर्षांतला स्मृती व विचारशक्तीचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी होता. यंत्र लावून तुम्ही नातवाशी फोनवर बोललात, तरी मला पुरे आहे.

आई, तुझी झोप उडाली आहे आणि तू ते कोणाला सांगत नाहीस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. एकदा तरी फोन कर. संध्याकाळचा एक तास दादा बाबांजवळ बसेल, मी त्याच्याशी बोलले आहे. त्या वेळात तू सिद्धेश्वराला जाऊन ये.

गड्ड्याच्या यात्रेला मी चार दिवस येते. बाबांना नंदीध्वज दाखवायला आपण सगळे जाऊ, आणि कोणता मानाचा, कोणता कितवा, हे मीच आधी सांगत जाईन. यंत्राच्या बॅटऱ्या बरोबर आणते.

आपली,
मुलगी