ट्रेनिंगच्या आधी पाच वजाबाक्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुरुजी ट्रेनिंगला आणि शाळा वाऱ्यावर, अशा बातम्या अधूनमधून तुमच्या पेपरात येतात, आणि खोटं कशाला बोलू, वाचून रागही येतो आणि पटतंही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. निष्ठा हे शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, वाचन-गणिताचा पाया पक्का करायचं निपुण भारत झालं, त्यात २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात दरवर्षी किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय, म्हणजे हे काही थांबणार नाही. आणि बहुतेक ट्रेनिंग कसं असतं ते आम्हालाच माहिती, सकाळी हजेरीपत्रकावर सही, मग पीपीटी, साहेब वाचणार आणि आम्ही पण तेच वाचणार, मागच्या बाकावर कुणीतरी गुगल फॉर्म भरत बसलेलं, जेवणानंतर तर विचारूच नका. राज्याकडून जिल्हा, जिल्ह्याकडून तालुका, तालुक्याकडून आम्ही, असं झिरपत येईपर्यंत त्यातलं पाणीच उरतं.

पण मागच्या वर्षी एका वर्कशॉपला वेगळंच झालं म्हणून हे पत्र. आठ दिवस आधी ग्रुपवर वर्कशॉप घेणाऱ्या मॅडमचा मेसेज आला. वर्गातली कुठलीही पाच मुलं घ्या, त्यांना ५२ वजा २७ करायला द्या, चुकलं तर दुरुस्त करू नका, लाल पेन लावू नका, फक्त "कसं केलंस?" विचारा आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दात मागच्या बाजूला लिहून कागद घेऊन या. बस, एवढंच. ना फॉर्म ना लिंक. सुरुवातीला सगळे कुरकुरले, आता घरचा अभ्यास आपल्यालाच का वगैरे. मीही कुरकुरले.

त्या दिवशी मॅडमनी पीपीटी लावलाच नाही. सतरंजीवर सगळे कागद पसरले आणि म्हणाल्या, सारख्या चुका एकत्र लावा. चाळीसेक शिक्षक गुडघ्यावर बसून कागद लावतायत, असं चित्र मी तरी आजवर पाहिलं नव्हतं. सगळ्यात मोठा ढीग ३५ चा झाला. आम्ही लगेच निकाल देऊन मोकळे, हातच्याची वजाबाकी कच्ची आहे, सराव द्या. मग मॅडम म्हणाल्या आता कागद उलटा. आणि तिथं गंमत झाली. काही मुलं म्हणाली होती "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन", म्हणजे वर-खाली न बघता मोठ्यातून लहान वजा केलेलं, हातचा हा प्रकारच नाही. आणि काही मुलांनी हातचा बरोबर घेतला होता, बारातून सात गेले पाच, पण दशकाच्या घरातला पाच तसाच ठेवला, त्याचा चार केलाच नाही, म्हणून पाचातून दोन गेले तीन. उत्तर दोघांचंही ३५! एकाला दशक सुटा करणं म्हणजे काय तेच माहीत नाही आणि दुसरा एका पायरीवर विसरलाय, आणि मी इतकी वर्षं दोघांनाही तीच दहा-दहा गणितं सरावाला देत आलेय.

मॅडमनी आकडे मुद्दाम तसे निवडले होते हे नंतर कळलं. ५२ वजा २८ दिलं असतं तर पहिल्याचं ३६ आणि दुसऱ्याचं ३४ आलं असतं, कागदावरच फरक दिसला असता, मग मुलाला विचारायची गरजच पडली नसती. ज्यांनी नुसते कागद आणले होते, मागं काही लिहिलं नव्हतं, ते तिथं अडकले, कारण त्यांना त्यांच्याच मुलांचं काय चुकलं ते सांगता येईना. त्यांना कुणी बोललं नाही, पण बोलायची गरजही नव्हती.

एका सरांच्या कागदावर तर ५२ च्या जागी २५ होतं, कारण त्यांनी फळ्यावर न लिहिता तोंडी सांगितलं होतं. बावन्न म्हणताना आपल्या तोंडात दोन आधी येतो, पन्नास नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं. मग २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी वीस एक, वीस दोन आलं तेव्हाचा वाद निघाला आणि अर्धा तास त्यातच गेला, पण तो अर्धा तास कुणी मोबाइल बघितला नाही हे मी शपथेवर सांगते.

आता ही पद्धत सगळीकडे चालेल का, तर नाही, बिघडवायची म्हटलं तर दोन मिनिटात बिघडेल. यानंतर एका ठिकाणी आम्हाला "अमुक संकल्पनेवर माहिती शोधून दोन पानं लिहून आणा" असं सांगितलं. एकाने नेटवरून काढलं, ग्रुपवर टाकलं, सगळ्यांची अक्षरं वेगळी आणि मजकूर एकच. वर ते कागद गोळा करून कपाटात गेले, दिवसभरात कुणी उघडून बघितले नाहीत. म्हणजे पुढच्या वेळी कोण करणार? माझं म्हणणं एवढंच की काम असं द्या ज्याचं उत्तर माझ्या वर्गाशिवाय दुसरीकडे मिळतच नाही, एका तासाच्या वर नको, वर अहवाल पाठवायचा नको आणि वर्कशॉपचा पहिला तास त्याच कागदांवर गेला पाहिजे. आम्हाला आधीच ऑनलाइन माहिती भरायचा वैताग आहे, त्यात अजून एक रकाना वाढणार असेल तर हे पत्र मी लिहिलंच नाही असं समजा.

ट्रेनिंगच्या पत्रात खाली नेहमी एक ओळ असते, "येताना वही, पेन व पाण्याची बाटली सोबत आणावी". त्याखाली पाच मुलांचे कागद पण आणा, एवढं वाढवायला कुठल्या जीआरची गरज आहे का, हे संबंधितांनी तुमच्या पेपरातून सांगितलं तर बरं होईल.

आपली,
एक जि. प. शिक्षिका, सातारा जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती)