आई-बाबा, गाडी ठरली

सातारा
रविवार

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

गाडी बुक केली. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, अडीचशे सीसी. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू फोन बाबांच्या हातात दिला असतास आणि बाबांनी ‘बघू’ म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहितेय. दादाच्या वेळचं मी विसरलेले नाही. ते डोक्यात ठेवूनच ठरवलंय.

बाबा, तुमचं मन बुलेटवर, हे माहीत आहे. पण त्यातली क्लासिक भरते 195 किलो. यवतेश्वरच्या चढाला थांबून परत निघायचं, पार्किंगमधून मागं ढकलून काढायची, हे रोजचं आहे. हिमालयन 450 ला ताकद भरपूर, पण वजन 196 किलो, आणि एमआयडीसीत जायला-यायला ती ताकद नुसती वागवायची. एक्सपल्स 200 हलकी, खड्ड्याबिड्ड्यांना दाद देत नाही, पण हायवेला नव्वदच्या पुढं धापा टाकते. शिवाय टायर ट्यूबचे. पंक्चर झालं की चाक उतरवल्याशिवाय सुटका नाही. माझ्या गाडीचं वजन 167 किलो आणि टायर ट्यूबलेस. खिळा लागला तरी हवा सावकाश जाते, रस्त्याकडेला पट्टी मारून पुढं जाता येतं.

रोजच्यालाही आणि लांबच्यालाही एकच गाडी हवी असेल तर हायवेला दम शिल्लक राहील अशा गाड्यांमधली सगळ्यात हलकी घ्यावी, असं माझं मत झालंय. दम कशाला, ते सांगलीला येताना पेठ नाक्याच्या पुढं कळतं. उसाचं गाळप सुरू झालं की आष्ट्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. एवढं लांब धूड ओलांडताना स्प्लेंडरला जास्त वेळ समोरच्या लेनमध्ये राहावं लागतं, आणि धोका तिथंच आहे. अडीचशेला एक गिअर खाली टाकला की ती चटकन पुढं निघते. अंधारात मात्र मी ओलांडणारच नाही. किंबहुना अंधारात त्या रस्त्याला येणारच नाही, दुपारी निघून उजेडात घरी.

ब्रेकचंही सांगते. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते नुसतं पुढच्या चाकाला दिलं तरी नियमात बसतं. हिला दोन्ही चाकांना आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या ओल्या चिखलात मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी आडवी होते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळं हँडल हातात राहतं. गाडी कमी अंतरात थांबेलच असं नाही, म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर सोडायला पर्याय नाही.

खोट एकच, सीट 835 मिलिमीटर उंच. माझे दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाही. आई, मागची सीट आणखी उंच आहे, तुझ्या गुडघ्यांना ती चढणं जमायचं नाही. तू एसटीनंच ये, मी स्टँडवर घ्यायला येईन, रिक्षानं जाऊ.

पाठीचं म्हणशील तर हँडल उंच आहे, पुढं वाकावं लागत नाही. पुढं काच आहे, वारा छातीवर येत नाही. सातारा-सांगली जाऊन-येऊन अडीचशेच्या आत, सात-आठ लिटरचं काम. टाकी 12 लिटरची आहे, मध्ये भरायलाही लागणार नाही. कराडला थांबून चहा पिणार, पोटात काही घालणार. जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट गाडीच्या आधी घेतलेत. भडंगाची आणि चटणीची पिशवी तू नेहमीसारखी भर, फक्त दोन भाग कर. वजन दोन्ही बाजूंना सारखं आणि सीटला लागून हवं. सगळं मागच्या पेटीत कोंबलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं.

बाबा, टाकीवर बसवून ‘हँडल तू धर’ म्हणायचात ना? वजन सगळं तुमच्या हातात असायचं आणि मला वाटायचं, गाडी मीच चालवतेय. अजून वळणावर तुमचंच ऐकू येतं, ‘बघशील तिकडं गाडी जाते.’

आता तुमची पाळी. स्प्लेंडरच्या मागच्या टायरवर ‘DOT’ अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 3219 असेल तर तो 2019 सालच्या 32 व्या आठवड्यातला. नक्षी कितीही दिसू दे, रबर कडक झालेलं असतं, पावसात धरत नाही. चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, खेळ दोन-तीन सेंटीमीटरचा हवा. ती ताणून घेतली की चाक सरळ बसलंय का तेही बघायला सांगा. जुनं हेल्मेट सरळ टाकून द्या, आतला थर्माकोल दबलाय. आयएसआयचं, तोंड झाकणारं घ्या. पट्टा लावायचा, कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी. आणि डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत संध्याकाळनंतर गाडी नको. रागावून नाही सांगत, पण नको.

आई, बीपीची गोळी सकाळची सकाळीच घे. आणि बाबांना चष्मा लावून ते चार आकडे वाचायला लाव. त्यांच्याच्यानं होणार नसेल तर फोटो काढून मला पाठव.

तुमची,
मनू